नव्या डीएनएवर कोण बसलंय?

दारातून कोणीही आत आलं की मान न वळवता मॅडमचा डावा तळहात वर. "थांब रे, नवीन डीएनए बनतोय." आमच्या ठाण्याच्या लॅबमध्ये तो हात बघून कुरिअरवालासुद्धा दारातच पुतळा व्हायचा.

मॅडम डोंबिवलीच्या. रिटायर व्हायला सहा महिने उरलेले, आणि मी त्यांचा असिस्टंट. एका पेशीच्या दोन व्हायच्या आधी तिच्या डीएनएची नक्कल होते. त्या ताज्या नकलेवर कुठली प्रथिनं येऊन बसतात, हे त्यांना जाण्याआधी बघायचं होतं. पेशींना दहा मिनिटं एक रसायन द्यायचं. ते फक्त नव्या डीएनएत शिरतं. मग फॉर्मलिन ओतलं, की जे प्रथिन जिथे असेल तिथेच अडकतं. अकरावं मिनिट लागलं की मॅडमच्या लेखी सगळं फुकट.

एकदा नेमके सातव्या मिनिटाला मोठे साहेब आत आले. हात वर.

"अहो मॅडम, दिल्लीचे पाहुणे आलेत..."

"तीन मिनिटं. तोवर त्यांना हा टायमर धरायला सांगा."

पाहुण्यांनी मुकाट धरला. वेळ संपल्यावर "हो गया!" म्हणून ओरडलेही.

रिपोर्ट आला. प्रथिनांच्या यादीत पहिलं नाव केराटिन, म्हणजे केस आणि कातडीतलं प्रथिन. आमच्यापैकीच कोणाचं तरी नमुन्यात पडलेलं. मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "तीस वर्षं शोधतेय, आणि सापडलं काय? माझंच डोकं!" मग बराच वेळ बाथरूममध्ये होत्या. बाहेर आल्या त्या माझ्याकडे बघतच. "उद्यापासून ही दाढी नको."

माझं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. गुळगुळीत जावई बघून सासऱ्यांनी माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं, "मुलगा तोच ना हो?"

शेवटच्या आठवड्यात, पुन्हा केलेल्या प्रयोगात, एक्स-रेसारख्या फिल्मवर काळ्या पट्ट्या उमटल्या, एकेक पट्टी म्हणजे एकेक प्रथिन. नक्कल चालू असताना नव्या डीएनएभोवती कड्यासारखं बसणारं एक प्रथिन, आणि ज्यांच्यावर डीएनए गुंडाळला जातो ते हिस्टोन. दहा मिनिटांनी रसायन धुऊन मुद्दाम तासभर जास्त ठेवलेल्या पेशींमध्ये नक्कल पुरी होऊन कडं निघून गेलेलं, हिस्टोन तिथेच.

"मॅडम, हे तर पुस्तकात आहे," मी बोलून गेलो.

"आहे रे. पण मी बघितलं नव्हतं."

निरोपाच्या दिवशी त्या रिक्षात बसल्या, तेव्हा त्या पट्ट्यांचा फोटो हातातच होता. "नातवाचा का हो?" रिक्षावाल्याने विचारलं. मॅडम पुढे झुकल्या आणि बोटाने एकेक पट्टी दाखवू लागल्या. मीटर टाकलेला होता, पण रिक्षा बराच वेळ गेटवरून हलली नाही.