डोळ्यात पडलेलं फूल

लग्नाचं पहिलंच वर्ष. बडनेऱ्याजवळच्या मळ्यात संत्री तोडताना फांदी उसळली आणि काटा माझ्या डाव्या डोळ्याला लागला. मोठी जाऊ लेकुरवाळी होती. तिने मला आडोशाला नेऊन अंगावरच्या दुधाची धार डोळ्यात सोडली. आमच्याकडे डोळ्याला हेच औषध. रोज ते चाललं आणि डोळा जास्तच सुजला.

घरधनी संत्री घेऊन नागपूरला गेलेले. तेव्हा वऱ्हाडाचा सारा कारभार तिकडूनच चाले. मग सासऱ्यांनीच, म्हणजे मामाजींनी, बैल जुंपून दमणी काढली. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडं केलं नव्हतं, बोलणं तर लांबच. अमरावतीपर्यंत हनुवटीपर्यंत पदर ओढून बसले.

डॉक्टर पुण्याकडचे. मामाजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले तेव्हाच मी पदर वर केला. भिंतीवर नेमकं डोळ्याचं चित्र. डॉक्टर त्यावर बोट ठेवून म्हणाले, "डोळ्याला कांद्यासारखे थर असतात, बाई. बाहेरचा पांढरा, चिवट, तो आकार सांभाळतो. पुढे तोच काचेसारखा आरपार दिसणारा होतो, तिथून उजेड आत जातो. मधला काळसर, रक्ताच्या शिरांचा, तो डोळ्याला पोसतो. अगदी आत पडदा, त्यावर आपण बघतो ते उमटतं. तुमची जखम अजून काचेवर आहे. आत उतरली तर डोळा गेलाच. आता सांगा, डोळ्यात काय घातलंत?"

मामाजींच्या देखत कसं सांगू? डॉक्टर चिडून पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी मामाजी भिंतीकडे बघतच म्हणाले, "काहून तरास देता तिले? लेकुरवाळीचं दूध टाकलं असन. आमच्यात टाकतेत."

अरे देवा! धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

डॉक्टरांनी डोळा धुतला, पट्टी बांधली, रोज यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दमणी दारात उभी, आणि मी आतून कडी लावून बसलेली. मामाजींशेजारी पुन्हा कुठल्या तोंडाने बसू? मामाजी दाराशी खाकरले. "पोरी, डोया जाईन नं!" मी दार उघडलं नाही. थोड्या वेळाने दमणी सोडल्याचा आवाज आला. डोळा वाचला, पण काचेवर कायमचं पांढरं फूल पडलं आणि त्या बाजूचं सगळं धुरकट झालं. जळो मेली ती लाज!

पुढे मामाजींचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले. मी जेवायला वाढे. वाटी ताटावर वाजवायची, म्हणजे त्यांना जागा कळे. एकदा हातातला घास तसाच धरून त्यांनी विचारलं, "पोरी, तुह्या डोयातलं फूल गेलं काय?"

"गेलं, मामाजी." मी त्यांच्याशी बोललेले ते पहिले शब्द.

"बरं झालं," ते म्हणाले. "मले वाटे, म्या त्या दिवशी दार तोडाले पाह्यजे होतं."

मला रडू फुटलं. त्यांना काही दिसत नव्हतं, तरी माझा पदर हनुवटीपर्यंत ओढलेलाच होता.