पहिल्या शिफ्टचा टीव्ही

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माणसाला आठवड्यातून तीनदा, चार-चार तास एका जागी आडवं केलं, एक हात अजिबात हलवायचा नाही अशी ताकीद दिली आणि समोर भिंतीवर टीव्ही लावला, की ते आपोआप साचतात. आमच्या अंगात पाणी साचतं, तसेच. फरक एवढाच, की पाणी मशीन काढून घेतं. किस्से राहतात.

मी डायलिसिसवर आहे. नववीत असताना आजार निघाला, शाळा सुटली ती सुटलीच. एक दिवसाआड टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालतो आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सातला सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात येऊन पडतो. पहिली शिफ्ट. आमच्या खोलीत चार बेड आणि एकच टीव्ही. सकाळी सगळे आदल्या रात्रीचे एपिसोड परत लागतात, त्यामुळे आमचं जग बाकीच्यांपेक्षा बारा तास मागे असतं.

एक नंबरवर शिवलिंगअण्णा. अक्कलकोटकडचे, तूर आणि हरभऱ्याचे व्यापारी. बोलणं मराठी, वैतागणं कानडी. मला ते तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. दोन नंबरवर कांतामावशी, झेडपीच्या शाळेतून शिपाई म्हणून रिटायर झालेल्या. आल्या की दारातूनच सगळ्यांना जयभीम घालतात. तीनवर मी. मी फारसं बोलत नाही, म्हणून ऐकायचं काम माझ्याकडे. चार नंबरवर माणसं बदलतात. का बदलतात ते सांगायला नको.

आणि टीव्हीचा रिमोट टेक्निशियन इरफानभाईंच्या खिशात.

०००

एका चॅनेलवर शुक्रवारी सकाळी जुनी कॉमेडी लागायची. अण्णांच्या तरुणपणातली, आठवड्याला एक भाग, तेरा भागांत खेळ खलास. अण्णा सांगायचे, तेव्हा गावात एकच टीव्ही होता आणि तो बघायला ते चिखलातून तीन मैल चालत जायचे.

एका भागात घरमालक भाडं मागायला येतो. भाडेकरू इतकं गोड बोलतो की शेवटी घरमालकच चहासाठी साखर आणायला दुकानात जातो. आणि येताना दूधही आणतो!

अण्णा हसले. पोट हललं, पोटाबरोबर हात हलला, आणि हातात तर जाडजूड सुया. मशीन बोंबलायला लागलं. ते बघून मावशी हसल्या, त्यांचंही मशीन बोंबललं. मग माझं. इरफानभाई तीन मशीनच्या मधे धावत होते. "अण्णा, हसो नक्को, सुई सरकतीय!"

त्या दिवसापासून इरफानभाईंनी नियम केला. जुनी कॉमेडी बंद. नवी चालेल.

मी हळूच विचारलं, नवी का चालेल?

"लगाव ना," ते म्हणाले. "उसमें कुछ नै होता."

आणि खरंच. दोन वर्षं झाली, नव्या कॉमेडीत गडी माणसं लुगडी नेसून नाचतात, सोफ्यावर बसलेले पाहुणे टाळ्या पिटून लोळतात, आणि आमच्या खोलीत एकही मशीन वाजलेलं नाही. अण्णांचं म्हणणं असं, की हसायचं कामही तेच उरकून घेतात, मग आपण कशाला तसदी घ्यायची.

०००

आम्हाला दिवसाला तीन ग्लास पाणी. चहा, आमटी, गोळ्या गिळायला लागतं ते, सगळं त्यात धरून. सोलापूरचा मे महिना असला तरी तीनच.

मालिकेतल्या घरात कोणीही आलं की आधी पाणी. पोलीस आला, पाणी. खलनायिका आली, तिलाही पाणी. ट्रेमध्ये काचेचा ग्लास, काठोकाठ भरलेला. आणि गंमत अशी की पीत कोणीच नाही. ग्लास टेबलावर तसाच, आणि पाचही दिवस भांडण चालू.

मेमधला असाच एक बुधवार. मालिकेत मोठी सून उभी राहिली, धाकटीने आणलेला ग्लास तिने उचलला आणि भिंतीवर फेकला. म्युझिक दणाणलं. कॅमेरा सगळ्यांच्या तोंडावरून तीन-तीन वेळा फिरला. तिला आपल्या नवऱ्याचं पहिलं लग्न कळलं होतं, दीड महिना आम्ही त्याचीच वाट बघत होतो.

आमच्या खोलीत चारही बेडवरून एकदमच आवाज आला, "अरेरे!"

नवऱ्यासाठी नव्हता तो.

अण्णा बराच वेळ भिंतीवरच्या ओघळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फुल ग्लास होता की."

०००

चार नंबरवर मोहोळचे एक गुरुजी होते. रिटायर, शांत, पण मालिकेतल्या लग्नाचं त्यांना वेड. नायक-नायिकेचं लग्न दोनदा मोडून तिसऱ्यांदा ठरलं होतं आणि गुरुजी म्हणत, या वेळी लागणार.

अण्णांना हे लांबवणं अजिबात सोसायचं नाही. पूर्वी कथेला शेवट असायचा, आता नुसते दिवस असतात, असं ते म्हणायचे. मेहंदीला एक आठवडा. संगीताला एक आठवडा. गुरुजी समजूत घालायचे, मोठं घर आहे, वेळ लागणारच. आमच्या मोहोळला लग्न सकाळी सुरू होऊन दुपारी जेवणं उरकतात, पण ही मुंबईची माणसं.

हळदीच्या आठवड्यात गुरुजी यायचे थांबले. शनिवारी घरीच गेले.

लग्न लागलं पुढच्या बुधवारी. चार नंबरवर नवीन माणूस अजून आला नव्हता, स्वच्छ चादर घातलेली होती. अंतरपाट धरलेला दिसला तसे इरफानभाई काही न बोलता पुढे झाले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.



"लाव की," अण्णा म्हणाले. "गुरुजींनी आमंत्रण दिलंय. अक्षता टाकून जाऊ."

०००

मग आला किडनीचा ट्रॅक. नायिकेच्या सासूच्या दोन्ही किडन्या सोमवारी फेल झाल्या. बुधवारी नायिकेने कोणालाही न सांगता स्वतःची किडनी दिली. शुक्रवारी सासू देवघरात आरती करत होती आणि नायिका जिना चढून वर नैवेद्याचं ताट नेत होती.

 आम्ही सगळे या विषयातले जाणकार. डायलिसिस दाखवलंच नाही. रिपोर्ट दाखवले नाहीत. लिपस्टिक मात्र ऑपरेशन थिएटरमध्येही जागच्या जागी. अण्णा म्हणाले, "यप्पा, मला त्या डॉक्टरचा नंबर पायजे."

 मावशींच्या घरी मात्र हाच ट्रॅक खराखुरा चालू होता.

मावशींची सून म्हणजे ज्योतीवहिनी. तीनही दिवस मोपेडवरून सासूला आणायची आणि चार तास बाहेर बाकड्यावर बसायची. मुलगा रिक्षा चालवतो. त्याचा रक्तगट जुळला नाही. वहिनीचा जुळला, आणि तिने स्वतःहून तपासण्या करून घेतल्या होत्या. आम्हाला वाटलं, चला, आपल्यातलं कोणीतरी सुटतंय. माझं नाव किडनी मिळण्याच्या यादीत आहे, आईला शुगर असल्यामुळे ती देऊ शकत नाही. त्यामुळे असं कोणाचं जमलं की मला बरं वाटतं, आणि घरी गेल्यावर वाटेनासं होतं.

त्या दिवशीचा भाग संपल्यावर मावशींनी इरफानभाईंना विचारलं, देणाऱ्या बाईला खरं किती कापतात?

इरफानभाईंनी बोटांनी अंतर दाखवलं. मग त्या म्हणाल्या, जड कधी उचलायचं? ते म्हणाले, तीन महिने तर नाहीच. नंतर सांभाळून.

"आमच्यात नळाला पाणी चार दिवसांनी येतं," मावशी म्हणाल्या. "घागरी कोण उचलतंय मग?"

इरफानभाई म्हणाले, निघेल काहीतरी मार्ग.

"आन् तिची एक ऱ्हायलेली बिघडली तर? तीस वर्साची न्हाय अजून पोरगी. मला नगं तिचं."

घरी त्यांनी हे तीनदा सांगून झालं होतं. नाही म्हटलं की मुलगा आणि सून दोघंही जेवत नसत. शेवटी मावशी गप्प बसल्या आणि कागद पुण्याला गेले.

०००

आता शेवटचा. हा मी ऐकला तो मावशी पुण्याहून परतल्या त्या सोमवारी, त्यांच्याच तोंडून. टीव्ही चालू होता, पण आवाज इरफानभाईंनी घालवला होता.

सून रक्ताची नसते, त्यामुळे नुसत्या सहीवर भागत नाही. पुण्याला एक कमिटी बसते. पैसे घेतले का, कोणी दबाव टाकला का, हे बघते. घरच्यांनी लग्नाचे फोटो, रेशनकार्ड, नातवाच्या वाढदिवसाचे फोटो सगळं नेलं होतं. टेबलापलीकडे पाच साहेब. आधी वहिनीला आत घेतलं. तिने सांगितलं, मी माझ्या मर्जीने देतेय. साहेब खूश झाले. मग मावशींना आत बोलावलं आणि वहिनीला तिथेच बाजूला बसवून ठेवलं.

एका साहेबांनी विचारलं, आजी, सुनेने स्वतःहून ठरवलं ना?

मावशी म्हणाल्या, "न्हाय. मी सांगितलंय तिला. दिली न्हाय तर पोराला दुसरी करून आणीन म्हनलं, आन् नातू ठिवून घेईन."

वहिनी खुर्चीतून उठलीच. आत्या खोटं बोलतायत साहेब, म्हणाली. मला कोणी काही म्हटलेलं नाही. रडायला लागली. जेवढी ती नाही नाही म्हणत होती, तेवढे साहेब एकमेकांकडे बघत होते. त्यातल्या बाईसाहेब उठून वहिनीपाशी गेल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"घाबरू नको बाळ," त्या म्हणाल्या. "इथे तुला कोणी काही करू शकत नाही."

परवानगी नाकारली. मावशींना दम दिला, पोलिसात देऊ म्हणाले.

अण्णा उशीवरून मान वळवून ऐकत होते. ज्यांनी आयुष्यात एकाही नटीला चांगलं म्हटलं नाही, ते अण्णा. त्यांनी विचारलं, साहेबांनी विश्वास कसा ठेवला?

"टीव्हीवरल्या सासवा वरडत्यात," मावशी म्हणाल्या, "म्हनून त्या खोट्या वाटत्यात. मी हळू बोलले."

"आन् खरंच पोलिसात दिलं असतं तर, अक्का?"

"द्या म्हनलं. तितंबी डायलिसिस करावंच लागतंय की सरकारला."

 मी छताकडे बघत होतो. मला विचारायचं होतं की मावशी, आता पुढे काय, पण उत्तर तर आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

अकरा वाजले. इरफानभाईंनी मावशींच्या सुया काढल्या. सुया काढल्या की त्या जागेवर कापूस ठेवून दहा मिनिटं दाबून धरावं लागतं, नाहीतर रक्त थांबत नाही. त्यासाठी घरच्या एकाला आत सोडतात. ज्योतीवहिनी आत आली. डोळे सुजलेले, ओढणी नाकापर्यंत. पुण्याहून आल्यापासून ती सासूशी एक अक्षर बोलली नव्हती, असं मावशींनीच सांगितलं होतं.

तिने स्टूल ओढलं, बसली, दोन बोटांनी कापूस दाबला आणि भिंतीकडे बघत राहिली.

थोड्या वेळाने मावशी म्हणाल्या, "बोटं दुखली तर सोड गं. इरफान धरंल."

"तुम्ही माझ्याशी बोलू नका," वहिनी म्हणाली.

दहा मिनिटं झाली. इरफानभाई म्हणाले, बस झालं ताई, रक्त थांबलं, सोडा आता.

तिने बोटं काढली नाहीत.