रोमहून पुढे कुठे?

सहल नीट पार पडली की तिचे फोटो होतात, आणि फिसकटली की किस्से होतात. आमच्याकडे रोमचे फोटो एकूण अकरा. त्यातल्या तीनांत जोशीचा अंगठा आहे. किस्से मात्र अजून संपत नाहीत.

इतकी वर्षं झाली, पण शुक्रवारी दुपारी सौदीतल्या रास तनुऱ्यातली आम्ही चार मराठी घरं जमलो, की जेवण उरकल्यावर कुणीतरी म्हणतंच, "काढा हो, रोम काढा!" आतून विद्या ओरडते, "पुन्हा नको!" विद्या म्हणजे माझी बायको. ती दर वेळी नको म्हणते आणि दर वेळी हात पुसत दारात येऊन उभी राहते.

तर, नव्वद सालचा ऑगस्ट. मी इथल्या रिफायनरीत मेंटेनन्स इंजिनियर. नाशिकला महिनाभर सुट्टी काढून सौदीला परत येताना तिकीट जरा वळवायचं आणि चार दिवस रोम बघायचं, ही टूम जोशीने काढली. जोशी माझ्याच डिपार्टमेंटमधला. त्याचं आणि शैलाचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्यामुळे त्याच्या डोक्यात चांदणं, कारंजी वगैरे होतं. माझ्याबरोबर आठ वर्षांचा निनाद आणि पाच वर्षांची मुग्धा. माझ्या डोक्यात फक्त 'बाथरूम कुठे आहे' एवढंच होतं.

*

रोममधल्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्त्याला बसलो. कोपऱ्यातल्या टीव्हीवर कुणीतरी इटालियनमध्ये भरभर बोलत होतं. कॉलनीतल्या पोरांत राहून हिंदीच बोलणारी मुग्धा एकदम ओरडली, "पापा, हमारा घर!"

टीव्हीवर आखाताचा नकाशा होता. सौदीच्या टीव्हीवर रोज हवामान बघून तिला तो पाठ. मला कोण कौतुक! मी शैलाला म्हणालो, "बघ, एवढीशी पोर नकाशा ओळखते!" तेवढ्यात नकाशा गेला आणि रणगाडे आले.

वेटरला विचारलं. त्याने ट्रे खाली ठेवला आणि टेबलावर दोन बोटं चालवून दाखवली. "इराक," मग बोटं पुढे, "कुवेत."

मग त्याने विचारलं, "यू? फ्रॉम?"

"सौदी," जोशी म्हणाला. वेटर वळला. आत गेला आणि आमच्यासाठी न मागता आणखी पाव घेऊन आला.

कुवेतची हद्द आमच्या घरापासून गाडीने चार तासांवर. मला तर परत जायलाच हवं होतं. मुदतीत पोचलो नाही तर व्हिसा खलास, नोकरी खलास. पण विद्या आणि मुलं? त्यांना सौदीला न्यायचं, की रोमहूनच मुंबईला परत पाठवायचं? हा प्रश्न घेऊन आम्ही रोम बघायला निघालो. हॉटेलात बसून तरी काय करणार होतो!

*

जोशीकडे हाताएवढा शॉर्टवेव्ह रेडिओ होता. बातम्या लागाव्यात म्हणून तो एरियल उंच धरून चालायचा. तेव्हा रोमभर गाइड लोक छत्री उंच धरून आपापले प्रवासी गोळा करत फिरत होते. कलोसियमपाशी मी मागे वळून बघितलं, तर जोशीच्या एरियलमागे सात-आठ अनोळखी म्हाताऱ्या!

"अहो, त्यांना सांगा ना तुम्ही गाइड नाही म्हणून," विद्या म्हणाली.

"थांबा वहिनी, लागतंय, लागतंय!" जोशी म्हणाला. म्हाताऱ्याही थांबल्या.

इकडे मुग्धा कलोसियमकडे टक लावून बघत होती. अर्धी भिंत पडलेली, कमानी फुटलेल्या. तिने माझा हात ओढला. "पापा, वॉर यहाँ पहले हो गया क्या?"

"नाही गं बाळा, हे जुनं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं."

"तो ठीक क्यों नहीं करते?" आमच्या कॉलनीत नळ गळला, दिवा गेला, की मेंटेनन्सला फोन करायचा, हे तिला चांगलं माहीत. माझ्याकडे संशयाने बघत म्हणाली, "आपने कम्प्लेंट लिया नहीं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण 'वॉर यहाँ पहले हो गया क्या' हे काही दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

*

सौदीत वाढलेली पोरं! बांग झाली की दुकानांची शटर खाली, गिऱ्हाइकं बाहेर, नमाज, म्हणजे अरबीत सला, होईपर्यंत सगळं बंद. निनादला वाटायचं जगभर असंच असतं.

आम्ही आइस्क्रीमच्या दुकानात. भर दुपारची वेळ. निनादच्या हातात नुकताच कोन आलेला. आणि शेजारच्या चर्चच्या घंटा वाजायला लागल्या.

"सला! सला!" निनादने कोन काउंटरवर टेकवला, मुग्धाचं मनगट धरलं आणि तिला फरफटत बाहेर काढलं. "मम्मी, जल्दी! वो शटर डालेगा!"

दुकानदार कोन घेऊन धावत बाहेर आला. निनाद हात मागे घेऊन म्हणतो, "नो अंकल, आफ्टर सला!" समजावून समजावून थकलो, पण पठ्ठ्या पायरीवरून हलला नाही. आत लोक मजेत चमचे चाटत होते आणि त्यांच्याकडे हा पोरगा हळहळून बघत होता, की आता यांना पोलीस धरणार.

विद्या त्याच्या शेजारी पायरीवर बसली. मला म्हणाली, "ह्यांना नाशिकच्या शाळेत घातलं ना, तर तिथे पहिल्याच दिवशी काय होईल?" म्हणजे तिच्या डोक्यातही तोच प्रश्न फिरत होता.

*

शैलाने वर्षभर अंगभर झाकणारा काळा अबाया घालून काढला होता. रोमसाठी तिने मुद्दाम बिनबाह्यांचा फुलाफुलांचा फ्रॉक शिवून आणला होता. व्हॅटिकनच्या मोठ्या चर्चच्या दारात रखवालदाराने तिला अडवलं. उघडे खांदे चालणार नाहीत!

शैला दोन मिनिटं त्याच्याकडे बघत राहिली. मग पर्समध्ये हात घातला, घडी केलेला अबाया काढला, झटकला आणि चढवला.

"तू तो इथे कशाला आणलास?" जोशीने विचारलं.

"सवय!" शैला म्हणाली आणि ताडताड आत गेली. रखवालदाराने तिला चक्क सलाम ठोकला.

*

तिसऱ्या दिवशी पोस्टातून फोन लागला. आमच्या ऑफिसात नाही, हसनभाईंना. हसनभाई रत्नागिरीकडचे, रिफायनरीजवळच्या गावात त्यांचं किराणा दुकान. खरी खबर हवी तर साहेबाला नाही, हसनभाईंना विचारायचं, हा आमचा नियम.

"काय नाय ओ सायब, सगला ठीक हाय!" हसनभाई ओरडले. "रस्त्यावर फौजेच्या गाड्या हायेत, तेवढंच. कोण कोण पोरांना गावाला धाडतायत. पाण्याच्या बाटल्या संपल्या. तुमच्यासाठी दोन खोके बाजूला ठेवलेत."

"हसनभाई, तुमची मुलं?"

"माझी हयच हायेत. मी खय धाडणार?" मग म्हणाले, "तुमची येतायत ना? सांगा, तर दूध पन ठेवतो."

 "ठेवा" म्हणालो असतो तर मुलं नेणार असं ठरलं असतं. "नको" म्हणालो असतो तर नाही असं ठरलं असतं. मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो आणि फोन ठेवून दिला. लाइन चांगली स्वच्छ होती.

*

संध्याकाळी एका चौकातल्या प्रसिद्ध दगडी पायऱ्यांवर बसलो. मुलं वर-खाली धावत होती. मी विद्याला सांगून टाकलं, "तू मुलांना घेऊन मुंबईला जा. मी एकटा पुढे जातो."

 ती म्हणाली, "सामानात वर्षभराचा गोडा मसाला आहे. तुम्हाला साधा वरणभात येत नाही. त्या मसाल्याचं करणार काय?"

"विद्या, मी मुलांचं बोलतोय."

"मीही मुलांचंच बोलतेय," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हॉटेलात बॅगा उपसल्या. एका पलंगावर मुंबई, दुसऱ्यावर सौदी. मुग्धा आपली बाहुली या पलंगावरून त्या पलंगावर नेऊन ठेवत होती. निनाद दोन पलंगांच्या मधे उभा राहून विचारत होता, "पापा, मेरा बॅट किधर जाएगा?" मी त्याच्यावर उगाच खेकसलो. अजून वाईट वाटतं.

*

शेवटच्या दिवशी विमानतळ. विद्या आणि मुलांचं मुंबईचं विमान आधी. माझं आणि जोशींचं सौदीतल्या दहरानचं दोन तासांनी. तिकिटं विमान कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात बदलून घेतली होती. तिथे तिकिटांपलीकडे कुणी काही पाहिलं नव्हतं.

काउंटरवर टक्कल पडलेला एक शांत गृहस्थ होता. त्याने विद्याचा पासपोर्ट पुढून मागे चाळला, मागून पुढे चाळला. "मुलं कुठे आहेत?"

"ही काय!" मी दोघांना पुढे केलं.

"इथे नाही. पासपोर्टमध्ये."

आणि माझी ट्यूब पेटली! त्या काळी लहान मुलांना वेगळा पासपोर्ट काढत नसत. आईच्या नाहीतर बापाच्या पासपोर्टवर नावं घालायचे. नाशिकच्या एजंटने सांगितलं होतं, "साहेब, तुमच्यावरच घाला, तिकडे इकाम्याला, म्हणजे राहण्याच्या परवान्याला, सोपं पडतं." घातली होती, आणि साफ विसरलो होतो. तीन दिवस मी घराची वाटणी करत होतो, आणि मुलं माझ्या शर्टाच्या खिशात होती.

मी माझा पासपोर्ट दिला. त्याने नावं वाचली, मुलांकडे पाहून मान हलवली. "हा पासपोर्ट जाईल तिकडे मुलं जातील. मॅडम एकट्या बॉम्बेला जाऊ शकतात. तुम्ही कुठे चाललात?"

मागे रांग वाढत होती. शैला रडायला लागली होती. विद्याने माझ्याकडे पाहिलं. मी विद्याकडे पाहिलं.

"बॉम्बे!" मी म्हणालो. "चौघंही!"

"दहरान!" त्याच क्षणाला विद्या म्हणाली. "चौघंही!"

त्या गृहस्थाने पेन खाली ठेवलं. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एक फॅमिली, एक शहर," तो म्हणाला. "बाजूला उभं राहून भांडा. मी थांबतो."