उष्टी गोळी

त्या संध्याकाळी मी आणि बायको भिजवलेल्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगदाण्याएवढ्या बिया सोलत बसलो होतो. बी चिमटीत धरून दाबली की साल हातात राहते आणि आतली डाळ टुणकन उडते. थंडीत बेंगळूरात घरोघर हा उद्योग असतो. ती म्हणाली, "तुमची निम्मी डाळ जमिनीवर चाललीय." मी म्हणालो, "खाणार मीच. तुला काय त्याचं?" खरंच होतं ते. तिच्या गळ्याखाली डाळ उतरत नव्हती.

त्याच रात्री झोपेत तिचं हृदय बंद पडलं. गळ्याचा त्याच्याशी संबंध नाही म्हणतात. असेल तसं. पण मला सांगायचंय ते गळ्याचंच.

नाचणीच्या उकडीचा गोळा, मुद्दे, न चावता गिळणारी बाई ती. पुढे पुढे भातसुद्धा छातीत अडकायला लागला. लग्नाच्या पंगतीतून तोंडाला पदर लावून उठायची आणि मी मागून तांब्या घेऊन पळायचो. बेसिनमध्ये ते घास पडायचे, लाळेच्या तारांत गुंडाळलेले, गेले तसेच परत आलेले. मी जन्मभर यशवंतपूरच्या बाजारात कांद्याची पोती उतरवली. सडक्या कांद्याच्या पाण्यात उभं राहून भाकरी खाल्लीय मी. पण ते बेसिन धुताना मला मळमळायचं, आणि हे तिला कळू द्यायचं नाही म्हणून मी मोठ्यानं खाकरायचो.

अन्ननलिकेला आतून सूज आहे, खाण्यातलंच काहीतरी तिला सोसत नाही, असं एकदा नळी घालून बघितल्यावर कळलं. औषध सुरू झालं. ते लागू पडतंय का हे बघायला पुन्हा आत बघायला हवं. नाहीतर पेज पिऊनच दिवस काढायचे. पण नळीला ती तयार होईना. भूल उतरल्यावर दोन दिवस रक्ताची चव येत होती म्हणाली.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक नवी तऱ्हा आहे. नर्सनं ट्रेमधून आणून दाखवली. काचेसारखी गोळी, जांभळाच्या बीएवढी, मागे शेवयीसारखी लांब तार. पाण्याबरोबर गिळायची, ती उतरताना आतली चित्रं काढते, मग तारेला धरून तोंडातून वर ओढून घ्यायची. भूल नाही, काही नाही.

"अज्जी, मुद्दे गिळता ना, तसंच," नर्स म्हणाली.

हिनं विचारलं, "वर काढल्यावर हिचं काय करता?"

"धुतो. औषधात बुडवून ठेवतो. मग पुढच्या पेशंटला."

हिनं तोंड मिटलं. "म्हणजे उष्टी."

"स्वच्छ असते अज्जी. एक जंतू राहत नाही."

"जंतू मरत असतील. उष्टेपण कुठं मरतं? नवी द्या."

"अहो, एकेकाला नवी कशी देणार? हॉटेलातले चमचे नाही का धुऊन वापरत?"

"म्हणून मी हॉटेलात खात नाही."

आमच्या घरात उष्ट्याचं असंच. भांड्याला ओठ लावायचा नाही, पाणी वरून प्यायचं. फक्त माझ्या ताटाला सूट. मी उठलो की ती त्याच ताटात जेवायला बसायची. शंभरदा सांगितलं, दुसरं ताट घे. ऐकेल तर ना.

मग ही नर्सला म्हणाली, "मग आधी ह्यांना गिळायला लावा. ह्यांचं मला चालतं."

नर्स हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. यंत्र नवं आहे, ताडून बघायला चांगल्या गळ्याची माणसंही हवीच आहेत म्हणाल्या. "अज्जा, तयारी आहे?"

हिला मी मराठीत म्हणालो, "डोकं फिरलं का तुझं? कुणाकुणाच्या नरड्यात जाऊन आलीय ती."

"ते तुमच्यापाशी थांबलं. माझ्यापर्यंत तुमचंच येणार."

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी मी ती गिळली. तार घशात लोंबत होती आणि मला सारखे उमासे येत होते. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड. पडद्यावर माझंच आतडंकातडं, कोंबडी फाडल्यावर दिसतं तसं ओलं, गुलाबी, हलणारं. "छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. छान कसलं. वर ओढली तेव्हा गोळीवर बुळबुळीत साय धरलेली होती. माणूस आतून असा असतो हे बघायची मला काही गरज नव्हती. ही मात्र खुर्ची ओढून पुढं बसली होती, पडदा बघत. "सगळं गिळतं मेलं, दगडसुद्धा," म्हणाली.

गोळी धुवायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिची पाळी ठरली. घरी येऊन आम्ही बिया सोलायला बसलो.

सकाळी शेजारच्या बायका तिला आत आंघोळ घालत होत्या. मी पायरीवर होतो. फोन वाजला. तीच नर्स.

"अज्जा, अज्जींना पाणीसुद्धा देऊ नका हं. तुमची गोळी तयार आहे, बाजूला ठेवलीय मी."

मी सांगितलं, ती गेली.

नर्स हळूच म्हणाली, "अय्यो अज्जा."

"आता ती कुणाला देणार?"

"बाहेर एकजण बसलेत."

"सरी, चालेल. द्या. कुणाची उष्टी आहे ते सांगू नका त्यांना."

फोन खिशात टाकला आणि तिला उचलायला आत गेलो.