न संपणारी मिठाची बरणी

कारखान्याच्या कँटीनमधल्या आचाऱ्याला सगळे अंदाजराव म्हणत, आणि ते काही उगाच नाही. दोनशे माणसांचा स्वयंपाक, पण वजनकाटा नाही की मापाचा चमचा नाही. डावा हात न बघता बरणीत जायचा, मीठ पातेल्यात पडायचं, आणि सगळं कसं बेताचं. घरीही तीच तऱ्हा. शेगडीच्या डाव्या अंगाला मिठाची काचेची बरणी, सव्वीस वर्षं जागची हललेली नाही.

अशा माणसाच्या मागे डॉक्टरांनी काय लावून द्यावं, तर पथ्य! त्यांची बायको शिवणाचे वर्ग घ्यायची, सगळे तिला बाईच म्हणत. बाईंच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी ऑपरेशन करून काढली होती. आता ग्रंथीचं उरलंसुरलं निपटायला किरणोत्सारी आयोडीनचं एक खास औषध द्यायचं होतं. शरीर आयोडीनला भुकेलेलं असलं तरच ते नीट लागू पडतं, म्हणून आधी दोन आठवडे जेवणातून आयोडीन बाद. तीन महिने थांबून तारीख मिळालेली. पथ्य मोडलं तर ती हातची जाणार, आणि पुढची कधी ते कोणी सांगेना.

अंदाजरावांनी कंबर कसली. बाईंच्या कटिंगच्या खाकी कागदावर खडूनं चौदा चौकोन आखले आणि रोजचं जेवण लिहून काढलं. दूध, दही, लोणी बंद. मासे बंद. अंड्याचं पांढरं चालेल, बलक नाही. बेकरीचा पाव नाही, तेव्हा पाव घरी मळायचा. बटाटे सोलूनच घ्यायचे. नेहमीच्या मिठात आयोडीन घातलेलं असतं, म्हणून चार दुकानं पालथी घालून बिनआयोडीनच्या मिठाचं पुडकं मिळवलं आणि बरणी धुऊन, वाळवून त्यात ओतलं. जुन्या मिठाची पिशवी मात्र त्यांच्यानं टाकवेना. खायची वस्तू टाकायची म्हणजे आचाऱ्याच्या अगदी जिवावर येतं. ठेवली वरच्या फडताळात! एवढा शहाणा माणूस, पण माती खाल्ली ती तिथंच.

नऊ दिवस छान गेले. रविवारी आठवड्याचे डबे करून फ्रीजरमध्ये रचायचे, ताजा भात रोज टाकायचा. थायरॉइडच्या गोळ्या बंद असल्यानं बाई दिवसभर पेंगुळलेल्या असत. एरवी एका दमात सुई ओवणारी बाई, आता तीनतीनदा चुकायची. अंदाजराव वैतागायचे, मग गुपचूप पाच-सहा सुया ओवून टाचणीच्या उशीत खोचून ठेवायचे.

दहाव्या दिवशी सकाळी डावा हात बरणीत गेला आणि थबकला. बरणी गळ्यापर्यंत भरलेली. पुडक्यानं तर ती जेमतेम अर्धी झाली होती! तशीच बरणी उचलून ते बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

बाईंनी बरणीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मी भरली," त्या म्हणाल्या. "परवा दुपारी, फडताळातल्या पिशवीतून. नेहमी भरते ना, तशीच भरली."

म्हणजे दोन दिवस भात त्याच मिठाचा, आणि भरल्या बरणीची सवय असलेल्या हाताला ते कळलंच नव्हतं! सव्वीस वर्षं हा गृहस्थ कँटीनमध्ये छाती काढून सांगत आला होता, की माझा हात इतका नेमका, की घरच्या बरणीचा तळ म्हणून मी पाहिला नाही. आणि इकडे ही बाई दर आठ-दहा दिवसांनी एक अक्षर न बोलता ती भरत होती. रागवायला आलेल्या माणसाला रागवायलाही जागा उरली नाही. बाईंना रडू फुटलं. अंदाजरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञांना फोन लावला. पिशवी मी टाकली नाही, चूक माझी, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

तासाभरानं तिकडून फोन आला. डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. आठवडाभर उशिरा या, एक जागा नुकतीच रिकामी झाली आहे, पण तोवर पथ्य काटेकोर. दोघांचा जीव भांड्यात पडला. पिशवी कँटीनला गेली, बरणी पुन्हा धुतली, नवं पुडकं आलं, खाकी कागदावर आणखी सात चौकोन आखले गेले. ते बाईंनी आखले.

औषध दिल्यावर बाईंना तीन दिवस हॉस्पिटलच्या खोलीत एकटीनं राहायचं होतं. अंदाजराव घरी आले, येताना नेहमीच्या मिठाची पिशवी आणून फडताळात ठेवली, भात टाकला. हात डावीकडे गेला आणि नखं काचेवर घासली. वापरता वापरता बरणीचा तळ लागलेला त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. पिशवी हाताच्या अंतरावर होती. त्यांनी ती काढली नाही. तीन दिवस अळणी जेवले.

चौथ्या दिवशी बाई परतल्या. पथ्य सुटलं होतं, फक्त थोडे दिवस दोघांनी लांब-लांब बसायचं होतं. पाणी प्यायला म्हणून त्या स्वयंपाकघरात शिरल्या.

"अहो, मीठ संपलंय. कळलं नाही का तुम्हाला?"

"कळलं," अंदाजराव दारातूनच म्हणाले. "तुझ्यावाचून भरवेना."

बाईंनी फडताळ उघडलं आणि बरणी गळ्यापर्यंत भरली.