आधी आवाज, मग चित्र

“आवाज तुझा ठेवू. चेहरा नको. आपला प्रेक्षक जरा वेगळा आहे.”

सर हे चहा ढवळत बोलले, सगळ्या ऑफिसच्या देखत. कॅमेऱ्यासमोर टेस्ट देऊन मी नुकतीच खुर्चीतून उठले होते. अंगावर मैत्रिणीची साडी. कुणीतरी मान खाली घालून हसलं. आणि मी म्हणाले, “थँक्यू सर.” त्या थँक्यूची मला आजही चीड येते.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये सरांचं बातम्यांचं चॅनेल चालायचं. रोज देशाचा आणि जगाचा आढावा, ‘आपल्या संस्कृतीच्या नजरेतून’. अमेरिकेची सीमा, युरोपातले निर्वासित, दिल्लीतलं एखादं विधेयक, सगळं एका दमात. युरोपात पूर आला तरी सरांना त्यात कुटुंबव्यवस्था वाहून जाताना दिसायची. खोटं कशाला बोलू, त्यातलं काही मला पटायचंही. देव, घर, थोरामोठ्यांचा मान, हे आमच्या सुरगाण्याच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यांवरही आहेच. मला वाटायचं, हे माझ्याही बाजूनं बोलतायत.

बोली मात्र माझी चालत नव्हती. “सर्दी झालेली चालेल, सुरगाणा ऐकू येता कामा नये,” सर सांगायचे. मी जीभ घासून घासून साफ केली. फोनवर आईशीसुद्धा शुद्ध बोलायला लागले. आई मग फार बोलायची नाही.

कामाची रीत ठरलेली. सकाळी मोबाइलवर मजकूर यायचा. भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत बसून मी तो वाचायचा आणि घरी जायचं. त्यावर चित्रं दुपारी चढायची. ती कुठली, हे मला कधीच कळायचं नाही. मी विचारतही नव्हते.

त्या आठवड्यात आमच्याकडची माणसं वनजमिनीसाठी नाशिककडे चालत निघाली होती. त्यात आई होती. आम्ही कसतो ती जमीन जंगलखात्याची. नावावर करून द्या म्हणून आईनं अर्ज कधी दिला, कुठल्या साहेबानं कशासाठी परत पाठवला, सगळं तिला तोंडपाठ. अक्षर येत नाही, पण कागद रंगावरून ओळखते.

सकाळी मजकूर आला. अमेरिका झाली, युरोप झाला. मग आमच्या मोर्चावरची ओळ होती, “भाड्यानं आणलेल्या या गर्दीला आपण कशासाठी आलोय, हेसुद्धा माहीत नाही.”

मी थांबले. काचेपलीकडून सर म्हणाले, “काय झालं? हीच ओळ जोरात हवी. जरा हसू ठेव आवाजात.”

माझी आई आहे त्यात, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणाले नाही. खोलीचं भाडं आठवलं, नोकरी आठवली. मी वाचलं. हसू ठेवून वाचलं.

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. परतीच्या जीपमध्ये कुणीतरी व्हिडिओ लावला होता.

“पोरी, मोबाइलात मी हाय. मागनं बोलती ती तूच ना?”

मी हो म्हणाले.

“मला म्हाईत नाय व्हय, मी कशाला गेल्ते?”

एवढंच. जीपमधल्या सगळ्यांनी माझा आवाज ओळखला होता. आईनं फोन ठेवला.

व्हिडिओ उघडला. माझी ओळ सुरू होते आणि आईचा चेहरा येतो. उन्हानं रापलेला, थकलेला. कॅमेरा बघून ती जराशी हसते. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. दर वेळी माझाच आवाज तिला खोटं पाडत होता.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर उभी राहिले. व्हिडिओ काढून टाका म्हणाले. ती माझी आई आहे, हेही सांगितलं.

“अगं, मग आधी सांगायचंस ना!” सर खरंच हळहळले. “दुसरी बाई टाकली असती.”

दुसरी बाई. तीही कुणाची तरी आईच असती. तीही घरून कागद घेऊनच निघालेली असती. आणि तिच्यावर आवाज माझाच असता. मी घरी जाऊन जेवले असते आणि मला काही कळलंही नसतं. त्या क्षणी सरांपेक्षा मला माझीच किळस आली.

“चल, आजचं करून घे,” त्यांनी मजकूर पुढे केला.

“मी वाचणार नाही.”

“नको वाचूस. आवाज हल्ली मशीनही देतं.”

दुसऱ्या दिवशी आढावा वेळेवर आला. मशीनच्या आवाजात. कुणाचं काही अडलं नाही. तो व्हिडिओ अजून फिरतोय. तक्रार केली, विनवण्या केल्या. काहीही झालं नाही.

गावी गेले. आईनं जेवायला वाढलं, पण बोलली नाही. अजून बोलत नाही. तिनं माफ करावं असं मी म्हणणार नाही.

बाजाराच्या दिवशी जीपा भरतात तिथं मी उभी राहिले. आमच्या बोलीत मोठ्यानं सांगितलं, तो आवाज माझा होता, माझी आई मोर्चात चालतेय हे ठाऊक असून मी ते वाचलं, आणि ते खोटं होतं. काहीजण हसले. काही जीपमध्ये चढून बसले. पुढच्या बाजारी पुन्हा सांगेन. ऐकणारं एकही माणूस नसलं, तरी सांगेन.