टोप घासायचा मान

भरे गावातल्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात सगळ्यात नम्र कोण, हे कुणी विचारायची गरज नव्हती. हेमलताबाई. वर्षानुवर्षं त्यांचाच पहिला नंबर, आणि तो त्यांनी दुसऱ्या कुणाला मिळू दिला नव्हता.

बाई मूळच्या नगरकडच्या. नवरा दयानंद पिरंगुटच्या एका कारखान्यात लागला, तेव्हा तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन आल्या आणि इथल्याच झाल्या. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं दुखणं असो, बाई हजर. शेजारच्या धोंडाबाईला साप चावला तेव्हा तिला मांडीवर घेऊन रिक्षातून दवाखान्यात नेलं ते यांनीच. कामात खोट नव्हती. खोट एवढीच, की केलेलं कुणाच्या नजरेस पडलं नाही तर बाईंना घास गोड लागत नसे.

त्यांचा खरा मान होता टोपात. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना झाली की प्रीतिभोजन, सगळी मंडळी एका पंगतीला. मटणाचा रस्सा चुलीवर शिजायचा, आणि तळाला करपलेला तो मोठा टोप हेमलताबाई एकट्या घासायच्या. हात कोपरापर्यंत काळे. येणारा-जाणारा म्हणायचा, "बाई, राहू द्या हो!" आणि बाई मान खाली घालून म्हणायच्या, "मी कोण? मी तर पायपुसणं." हे म्हणताना त्यांना जे सुख व्हायचं ते मटणातही नव्हतं.

मग उषा आली. जालन्याकडची, तरुण वयात विधवा झालेली, सूसच्या सोसायट्यांत म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम करणारी. तिच्या पहिल्याच प्रीतिभोजनाला हेमलताबाई बडीशेप चघळत, पदर खोचत मागच्या नळावर गेल्या, तर टोप घासून पालथा! शेजारी उषा हात धूत उभी.

"अगं, तो मी घासते," बाई म्हणाल्या.

"असू द्या काकू. तुमी बसा, तुमचं वय झालं."

वय झालं! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात पाळकबाई, म्हणजे उपासना चालवणारे पाळक जयसिंग यांच्या पत्नी, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अशी नम्र पोर मी बघितली न्हाई." त्या संध्याकाळी दयानंदरावांना बिनसाखरेचा चहा प्यावा लागला.

"लई पुढंपुढं करती ती," बाई फणकारल्या.

"तू काय मागं मागं करतीस व्हय?" दयानंदराव बोलून गेले, आणि मग उरलेला चहा निमूट पिऊन टाकला.

पुढच्या महिन्यात बाई अर्ध्या जेवणावरून उठल्या. उषा त्याआधीच नळावर. मग मात्र बाईंनी कमाल केली. त्याच्या पुढच्या प्रीतिभोजनाला, सगळे डोळे मिटून प्रार्थनेत असताना, मंडळीचा काथ्या, तारेची घासणी आणि पावडरीचा डबा उचलून आपल्या पिशवीत घातला. आता घास म्हणावं नखांनी! उषानं कुणाला काही विचारलं नाही. नारळाची शेंडी शोधली, चुलीतली राख घेतली आणि टोप असा लख्ख केला की पाळकबाई बघतच राहिल्या. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या गुरुवारी या मंडळीत पाय धुवायची रीत होती. प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. पुरुषांचे पाळक धुवायचे आणि बायकांचे हेमलताबाई, कमरेला टॉवेल गुंडाळून. यंदा पाळक म्हणाले, "बाई, एवढी वर्षं दुसऱ्यांचे धुतले, सोताचे कधी धुऊन घेतले न्हाईत. यंदा तुमी खुर्चीवर बसा. उषा धुईल."

सगळ्यांना वाटलं, बाईंचा केवढा मान केला. बाईंना वाटलं, आपल्याला मोडीत काढलं. उपासनेनंतर खिचडीचं जेवण होतं, म्हणजे पुन्हा टोप आलाच. मागच्या वेळी गुपचूप परत ठेवलेला काथ्या, घासणी, डबा बाईंनी त्याही दिवशी पिशवीत कोंबला, वरून नारळाची शेंडीसुद्धा घातली, आणि पिशवी खुर्चीखाली सरकवून बसल्या.

उषा ओळीनं पुढं येत होती. टाचेखाली हात धरून पाय उचलायची, आधी स्वतःच्या मनगटावर पाणी बघायची. बाई तिची चूक शोधत होत्या. एकही सापडेना, तशा जास्तच जळत होत्या. घंगाळ त्यांच्यापुढं आलं.

"माझे नकोत," म्हणत त्यांनी पाय मागं ओढले. टाच पिशवीला लागली, पिशवी कलंडली आणि काथ्या, घासणी, शेंडी, सगळं बाहेर. डबा तर गडगडत घंगाळापाशी आला. त्यावर लाल रंगात ठळक लिहिलेलं होतं, 'प्रार्थनाघर, भरे'.

ओळीतल्या सगळ्या बायका डोळे मिटून गीत म्हणत होत्या, शेजारच्याच खुर्चीवर पाळकबाईही. त्यांनी डोळे उघडले की इतक्या वर्षांचं नाव मातीत.

उषानं डब्याकडं पाहिलं, मग बाईंकडं. तिला सगळं कळलं. तिनं कमरेचा टॉवेल सोडून त्या पसाऱ्यावर टाकला, टॉवेलासकट सगळं गोळा करून पिशवीत भरलं आणि पिशवी खुर्चीखाली ढकलली. मग बाईंचे पाय घंगाळात घेतले, भेगांतली माती अंगठ्यानं काढली. पुसायला टॉवेल उरला नव्हता. तिनं पदरानं पुसले.

नेमके तेव्हाच पाळकबाईंनी डोळे उघडले. "पदरानं पुसती! काय बाई ही पोर!"

त्याही घडीला हेमलताबाईंना तिचा हेवाच वाटला. पण टॉवेल कुठं गेला, हे त्या ओळीत त्या दोघींनाच माहीत होतं.

जेवणं झाल्यावर बायका नळावर जमल्या. उषा राख आणायला निघाली होती. हेमलताबाईंनी सगळ्यांसमोर पिशवी फरशीवर उलटी केली.

"मीच न्हेत व्हते," त्या म्हणाल्या. "हिला घासाय मिळू नये म्हणून."

उषानं काथ्या उचलून त्यांच्यापुढं धरला. "घ्या काकू, तुमीच घासा."

बाईंचा हात पुढं गेलासुद्धा. मग त्यांनी तो मागं घेतला आणि तांब्या उचलला.

"न्हाई. तू घास. मी पाणी वतते."

उषा घासायला बसली. हात कोपरापर्यंत काळे झाले. दारातून जाता जाता कुणीतरी म्हणालं, "उषा, राहू दे गं!"

बाईंची मान सवयीनं खाली गेलीच. त्यांनी तांब्या भरला आणि उषाच्या हातांवर पाणी ओतलं.